मुंबईच्या गोदीतलं जहाज आणि खोल समुद्रातले जीव

परभणी जिल्ह्यातल्या बोरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशेएक किलोमीटरवर आहे. मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत तो पोचतो सुक्या बोंबलांच्या आणि सुकटीच्या रूपाने. बोंबील हा किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यातला मासा. कोळी तो डोल जाळ्यात धरतात, वलांडीवर वाळवतात आणि मग तो घाट चढून थेट जिंतूर-सेलूपर्यंत येतो. शास्त्राच्या नोंदीत तो १८२२ साली दाखल झाला. या बोंबलाचा एक भाऊबंद मात्र कुठल्याच बाजारात येत नाही. तो बंगालच्या उपसागरात काहीशे मीटर खोलीवर राहतो. आल्फ्रेड आल्कॉक नावाच्या डॉक्टरने १८९१ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज त्याचं नाव ‘हार्पाडॉन स्क्वामोसस’ असं लिहितात आणि त्यातला ‘हार्पाडॉन’ हा आपल्या बोंबलाचाच गण. ज्या जहाजाच्या जाळ्यात तो आला, ते मुंबईच्या गोदीत बांधलेलं होतं. त्या जहाजाची आणि त्यावरच्या कामाची ही हकिकत.

बोरीच्या शिवाराचा या समुद्राशी आणखी एक संबंध आहे, आणि तो बोंबलाहून फार जुना आहे. विहीर खणताना लागणारा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते या लाव्हाचा उगम पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणी झाला, ते आज रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड त्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्राच्या तळावर ज्वालामुखीच्या खडकाची एक लांबलचक रांग उरली. त्या रांगेच्या माथ्यावर प्रवाळ वाढलं आणि लक्षद्वीप-मालदीव तयार झाले. मुंबईच्या त्या जहाजाने लक्षद्वीपच्या आसपासच्या समुद्रातही अनेकदा जाळी ओढली. म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या मातीखालच्या पाषाणाचे धाकटे भाऊ पाण्याखाली आहेत, आणि त्यांच्या उतारांवर कोण राहतं याचा पहिला शोध याच जहाजाने घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या अनेक विद्वानांना वाटत होतं की तीनशे वावांच्या खाली, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरांच्या खाली, समुद्रात जीवच नाहीत. एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८४०च्या दशकात ही कल्पना मांडली होती. उजेड नाही, थंडी पराकोटीची, वर पाण्याचा दाब. अशा जागी कोण जगणार? मग तारायंत्राच्या केबली आल्या. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्राच्या तळावर केबल टाकली. केबल टाकायची तर तळ किती खोल, चिखलाचा की खडकाचा, हे आधी कळावं लागतं. व्यापाराची आणि राज्यकारभाराची ही निकड नसती, तर खोल समुद्र मोजण्यावर कुणी पैसा खर्चला असता असं मला वाटत नाही. जिथे जिथे तळाचा चिखल वर आला, तिथे तिथे त्यात जीव सापडत गेले आणि फोर्ब्जची कल्पना ढासळली.

१८७२ ते १८७६ या काळात ब्रिटनच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने जगाच्या समुद्रांची फेरी मारली. खोल समुद्राच्या अभ्यासाचा पाया त्या सफरीने घातला. पण हिंदी महासागरात ते केप ऑफ गुड होपकडून दक्षिणेच्या थंड पाण्यातून सरळ ऑस्ट्रेलियाकडे गेलं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर कोरेच राहिले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८७१ सालीच सरकारकडे आग्रह धरला होता की भारताच्या समुद्रांतही खोलवर जाळी ओढावीत. १८७४ साली सागरी सर्वेक्षणाचं खातं उभं राहिलं आणि लवकरच सर्वेक्षणाच्या जहाजावर ‘सर्जन-नॅचरलिस्ट’ असं पद मंजूर झालं. खलाशांना औषधपाणी करणं आणि उरलेल्या वेळात प्राणी गोळा करणं, असं त्याचं दुहेरी काम. पण खोल पाण्यात जाण्याजोगं जहाज हाताशी नव्हतं.

ते १८८१ साली मुंबईच्या गोदीत तयार झालं. नाव ‘इन्व्हेस्टिगेटर’. लाकडी बांधणी, वाफेचं इंजिन, बाजूला पाणी मारणारी चाकं, वजन ५८० टन. याच गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली; १८१७ सालची ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये अजून पाण्यावर उभी आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ त्या परंपरेच्या अगदी अखेरच्या काळातलं. त्याचं मुख्य काम किनाऱ्याचे आणि बंदरांचे नकाशे करण्याचं. पावसाळा संपला की जहाज निघायचं आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत ब्रह्मदेश, अंदमान, ओरिसा, मलबार, लक्षद्वीप असं फिरायचं. एका सर्वेक्षणाच्या जागेवरून दुसरीकडे जाताना वाटेत खोल पाणी लागलं आणि कप्तानाची इच्छा असली, तर जाळं टाकायचं. प्राणिशास्त्राच्या वाट्याला आलेला वेळ असा उरलासुरला होता. त्यातून जे निघालं ते पाहिलं की या माणसांच्या चिकाटीपुढे मान लवते.

पहिली नेटाची सुरुवात झाली १८८४ नंतर. जहाजाचा कमांडर आल्फ्रेड कार्पेंटर स्वतः ‘चॅलेंजर’वर काम केलेला होता, त्यामुळे खोल पाण्यातली ओढ कशी करायची हे त्याने पाहिलेलं होतं. डॉक्टर होता जॉर्ज गाइल्स, जो पुढे डासांवरच्या ग्रंथामुळे ओळखला गेला. आणि १८८८ साली त्या पदावर आला आल्कॉक.

आल्कॉकचा जन्म मुंबईचाच, १८५९ सालचा. वडील जहाजावर कप्तान. वय सतरा असताना तो पुन्हा भारतात आला तो वायनाडच्या कॉफीच्या मळ्यात नशीब काढायला. मळा चालला नाही. मग कलकत्त्याच्या एका कचेरीत नोकरी, मग दार्जिलिंगला शाळामास्तरकी. त्यानंतर तो ॲबर्डीनला जाऊन डॉक्टर झाला आणि १८८५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून परत आला. ‘इन्व्हेस्टिगेटर’वर तो चार वर्षं होता. त्या चार वर्षांवर त्याने १९०२ साली ‘ए नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ हे पुस्तक लिहिलं. हिंदी समुद्रांच्या तळाविषयी इतकं जिवंत पुस्तक त्यानंतरही फारसं झालेलं नाही, असं माझं मत आहे.

खोल पाण्यात जाळं ओढणं म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आधी तारेला वजन बांधून खोली मोजायची. मग लोखंडी चौकटीला बांधलेलं पिशवीसारखं जाळं पाण्यात सोडायचं. चौकटीची घडण अशी की जाळं तळावर कुठल्याही कुशीवर पडलं तरी तोंड उघडं राहावं. पाण्याच्या खोलीहून बराच जास्त लांबीचा दोर सोडायचा, जहाज अगदी संथ चालवायचं आणि मग वाफेच्या रहाटाने सगळं वर ओढायचं. या सगळ्यात कित्येक तास जातात. तळावर खडक असला तर जाळं फाटतं, दोर तुटतो, चौकट वाकते. चिखल जास्त भरला तर वजनानेच जाळं गमवायची वेळ येते. ही सगळी अंगमेहनत खलाशांची. रॉयल इंडियन मरीन या सरकारी आरमारी खात्यात त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा मोठा भरणा होता. कोकणातल्या या दर्यावर्दींनी जगातल्या फार थोड्या लोकांनी पाहिलेले प्राणी आपल्या हाताने डेकवर ओतले. त्यांच्यातल्या कुणाचं नाव एकाही माशाला मिळालेलं नाही, आणि ही गोष्ट मला टोचते.

वर आलेला मासा बहुधा जिवंत नसे. तळावरच्या दाबाची सवय असलेलं शरीर वर येताना आतल्या वायूच्या फुगण्याने बिघडतं. काहींचं जठर तोंडातून बाहेर आलेलं असे, डोळे बाहेर पडलेले असत. त्यात मुंबई-कलकत्त्याच्या अक्षांशांवरचं ऊन. म्हणून चिखल धुऊन प्राणी वेगळे काढायचे, रंग लगेच लिहून ठेवायचे, कारण स्पिरिटमध्ये रंग टिकत नाहीत, आणि प्रत्येक बरणीत जागा, खोली, तारीख यांची चिठ्ठी टाकायची. या चिठ्ठीचं मोल मोठं आहे. चिठ्ठीविना मासा म्हणजे केवळ एक मेलेला मासा.

खरा शोध मात्र जहाजावर लागतच नव्हता. तो लागायचा पावसाळ्यात, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये, टेबलावर. जेम्स वुड-मेसन तिथला प्रमुख. त्याने १८७० च्या दशकाच्या आरंभीच अंदमानजवळच्या खोल पाण्यातून आलेल्या एका आंधळ्या शेवंडीचं वर्णन केलं होतं. आता आल्कॉक आणि तो मिळून बरण्या उघडत. माशाच्या प्रत्येक पराचे काटे मोजायचे, अंगावरच्या रेषेवरचे खवले मोजायचे, दात कुठे आहेत ते पाहायचं, डोक्याची लांबी अंगाच्या लांबीच्या किती पट हे काढायचं. कोलंबीच्या बाबतीत कपाळावरच्या करवतीचे दाते वर किती, खाली किती. मग ‘चॅलेंजर’चे आणि फ्रेंच, अमेरिकी सफरींचे अहवाल उघडून असा प्राणी आधी कुणी लिहिला आहे का ते शोधायचं. नसेल तर नाव द्यायचं. ज्या एका नमुन्यावरून नाव दिलं तो ‘टाइप’, आणि पुढच्या काळात शंका आली की त्याच नमुन्याकडे परत जायचं असा या शास्त्राचा नियम. वुड-मेसन १८९३ साली मायदेशी जाताना समुद्रावरच वारला आणि म्युझियमचा भार आल्कॉकवर आला.

जाळ्यात काय काय आलं? केरळच्या किनाऱ्यासमोर सुमारे ४३० वावांवरून एक काळसर पाखट आलं. वीज सोडणाऱ्या पाखटांच्या कुळातलं, पण डोळे जवळजवळ नाहीसे झालेले. आल्कॉकने १८९८ साली त्याला ‘बेंथोबॅटिस मोरेस्बायी’ नाव दिलं. हे नाव त्या मोरेस्बीवरून, ज्याने मुंबईच्या आरमारात असताना १८३०च्या दशकात मालदीव आणि लक्षद्वीपचे नकाशे केले होते. वीज सोडणारा आंधळा मासा! काळोखात डोळे गेले, पण शिकारीचं हत्यार राहिलं.

दुसरा प्राणी एक कोलंबी, ‘हेटेरोकार्पस’ गणातली. खोलातून जिवंत वर आलेल्या या कोलंबीने बादलीतल्या पाण्यात निळसर प्रकाशाचे लोट सोडले आणि सगळी बादली उजळून गेली, असं आल्कॉकने नोंदवलं आहे. मेलेल्या, स्पिरिटमधल्या कोलंबीवरून हे कुणालाही कधी कळलं नसतं. त्या वेळी डेकवर पाहणारा माणूस हजर होता म्हणून ते कळलं.

आणि तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जास्त आवडतं, जरी ते फार खोल पाण्यातलं नाही. ‘मायनस इनर्मिस’ हा चिखलात दबून बसणारा छोटासा मासा आल्कॉकनेच १८८९ साली वर्णिला. नमुने पाहताना त्याच्या लक्षात आलं की माशाच्या अंगावर लव असावी तसं काहीतरी उगवलेलं आहे. ती लव म्हणजे हायड्रॉइड, प्रवाळाच्या दूरच्या नात्यातले बारीक प्राणी. वेगवेगळ्या ठिकाणच्या माशांवरही तेच हायड्रॉइड सापडले, खडकावर मात्र नाहीत. आल्कॉकने १८९२ साली लिहिलं की हा योगायोग नव्हे, दोघांचा शेजार आहे: माशाला वेषांतर मिळतं आणि हायड्रॉइडला फिरतं घर. एक मासा दाखवणं सोपं. चार बरण्या शेजारी मांडून त्यांतलं नातं ओळखणं हे वर्गीकरण करणाऱ्याचं खरं काम.

सगळं एकट्याने होण्यासारखं नव्हतंच. काचेसारख्या सांगाड्याचे स्पंज बर्लिनला शुल्त्सेकडे गेले, समुद्रकाकड्या लिऑंला कोलरकडे, शिंपले लंडनला एडगर स्मिथकडे. मासे, खेकडे, कोलंब्या आणि खोल पाण्यातलं प्रवाळ आल्कॉकने स्वतःकडे ठेवलं. १८९९ साली खोल समुद्रातल्या माशांची त्याची वर्णनात्मक सूची आली, १९०१ साली कोलंब्या-शेवंडींची. १८९२ पासून ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या प्राण्यांची चित्रं भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. ती काढली ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल या बंगाली चित्रकारांनी. माशाचा एकेक काटा, खेकड्याच्या पाठीवरचा एकेक कण त्यांनी असा टिपला आहे की आजचा अभ्यासकही फोटोआधी ही चित्रं पाहतो. छपाई कलकत्त्यात, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कार्यालयात झाली.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. त्या काळी वसाहतींतून गोळा केलेली चीज लंडनला जायची आणि तिथेच राहायची. ‘इन्व्हेस्टिगेटर’चे काही जोडनमुने ब्रिटिश म्युझियमला गेले, बाहेर पाठवलेले नमुनेही होते, पण टाइप नमुन्यांचा मोठा साठा कलकत्त्यातच राहिला. १९०६ साली आल्कॉकने म्युझियमच्या कारभाराला कंटाळून राजीनामा दिला. प्राणिसंग्रहाला स्वतंत्र खातं हवं ही मागणी मात्र जिवंत राहिली आणि १९१६ साली नेल्सन अ‍ॅनंडेलच्या पुढाकाराने झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाली. त्या बरण्या तिच्या ताब्यात आहेत. म्हणून केरळचा किंवा गोव्याचा तरुण अभ्यासक शंका आली की कोलकात्याची गाडी पकडू शकतो.

नावांची गंमत पुढे वाढत गेली. ‘बॅथिक्लुपिया हॉस्किनी’ जहाजाचा कमांडर हॉस्किन याच्या नावाने. ‘सोलेनोसेरा हेक्स्टी’ रॉयल इंडियन मरीनचा प्रमुख कॅप्टन हेक्स्ट याच्या नावाने. ‘हेटेरोकार्पस वुडमेसनी’ आल्कॉकने १९०१ साली आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या नावाने केली. पुढे स्वतः आल्कॉकचं नावही एका कोलंबीला मिळालं, आणि तेही एका इजिप्शियन माणसाच्या हातून.

१९३३ च्या सप्टेंबरात इजिप्तचं ‘मबाहिस’ जहाज अलेक्झांड्रियाहून निघालं. ‘चॅलेंजर’वरचा अभ्यासक जॉन मरे याच्या वारशाच्या पैशातून निघालेली ही मोहीम १९३४ च्या मे महिन्यापर्यंत चालली. नेता होता सेमूर सेवेल: आधी ‘सर्जन-नॅचरलिस्ट’, मग झूऑलॉजिकल सर्व्हेचा संचालक. खलाशी आणि काही शास्त्रज्ञ इजिप्तचे होते. अरबस्तानच्या किनाऱ्यालगत, साधारण शंभर ते तेराशे मीटरांच्या पट्ट्यात, त्यांची जाळी जवळजवळ रिकामी आली. काही ठिकाणच्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास होता. पाण्यात प्राणवायूच उरलेला नव्हता. मोसमी वाऱ्यांमुळे खालचं सकस पाणी वर येतं, पृष्ठभागावर सूक्ष्म जीव अफाट वाढतात, मरून खाली पडतात आणि त्यांच्या कुजण्यात मधल्या थरातला प्राणवायू संपून जातो. फोर्ब्जने खोलीमुळे निर्जीव ठरवलेला समुद्र खोलीमुळे नव्हे, तर प्राणवायूच्या अभावाने, आणि तोही याच अरबी समुद्रात, एका पट्ट्यापुरता निर्जीव निघाला. जो पाऊस मराठवाड्याला कधी मिळतो कधी हुकतो, त्याच मोसमी वाऱ्यांची ही दुसरी करणी.

‘मबाहिस’च्या कोलंब्यांचा अभ्यास रमादान या इजिप्शियन प्राणिशास्त्रज्ञाने केला आणि १९३८ साली एका लाल कोलंबीला ‘अरिस्टियस आल्कॉकी’ नाव दिलं. शेवंडीच्या एका जातीला ‘प्युरुलस सेवेली’. साठ वर्षं ही नावं तज्ज्ञांपुरती होती. मग १९९९ च्या सुमारास केरळच्या ट्रॉलरवाल्यांनी कोल्लमसमोरच्या खोल पाण्यात धंद्यासाठी जाळी सोडली आणि शक्तिकुलंगराच्या धक्क्यावर लाल कोलंबीच्या राशी पडू लागल्या. अरिस्टियस आल्कॉकी, हेटेरोकार्पस वुडमेसनी, सोलेनोसेरा हेक्स्टी. सगळी तज्ज्ञांच्या ग्रंथांतली नावं लिलावात उतरली. थंड, अंधाऱ्या पाण्यातले हे प्राणी किती भराभर वाढतात, किती पकडले तर पुरतील, हे ठरवायला सुरुवात करावी लागली ती आल्कॉकच्या पानांपासून.

स्वातंत्र्यानंतर काम पुढे गेलं ते गोव्याकडून. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम संपत आली तशी १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय आज दोना पावला इथे आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बटाट्याएवढे धातूंचे गोटे वर काढले, आणि निकेल, तांबं, कोबाल्ट, मँगनीज यांच्या आशेने भारताने मध्य हिंदी महासागरातल्या क्षेत्रावर हक्क नोंदवला. आज तो ७५ हजार चौरस किलोमीटरांचा आहे. आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार २५ मार्च २००२ रोजी झाला. तिथली खोली पाच हजार मीटरांहून जास्त.

गोटे उचलायचे तर तळ ढवळावा लागणार. ढवळल्यावर तिथल्या जीवांचं काय होतं हे पाहण्यासाठी १९९७ साली संस्थेने तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळून पाहिला. डॉ. बबन इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचा आणि नंतरचा चिखल चाळून त्यातले कृमी, बारीक कवचधारी, शिंपले मोजले. ढवळलेल्या जागी त्यांची संख्या घटली, आणि ती कशी सावरते हे पाहायला शास्त्रज्ञ पुढची काही वर्षं त्याच जागी परतत राहिले.

मोजणं झालं, पण नावांचं काय? पॅसिफिक महासागरातल्या अशाच एका गोट्यांच्या क्षेत्राविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंदाजे ५,५७८ जाती धरल्या आहेत आणि त्यांतल्या ८८ ते ९२ टक्के जातींना नावच नाही. आपल्या क्षेत्रातले कृमी, कवचधारी यांच्यातलेही पुष्कळ जण अहवालांत केवळ गणाच्या किंवा कुळाच्या नावाने येतात. ‘समुद्रयान’ प्रकल्पातली ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तिघांना सहा हजार मीटरांपर्यंत नेण्यासाठी बांधली जात आहे. तिच्या यांत्रिक हातांनी जे वर येईल ते पुन्हा टेबलावरच जाईल, आणि काटे मोजणारा, जुने अहवाल उघडणारा, कोलकात्याची बरणी मागवणारा माणूस तिथे लागेल. जगभर अशी माणसं कमी होत चालली आहेत, विद्यापीठांत हा विषय मागे पडला आहे. पाणबुडीला जेवढा पैसा मिळतो त्याचा थोडा वाटा या माणसांच्या पगारांना आणि बरण्यांना मिळाला पाहिजे, आणि तो गोटे काढायला सुरुवात होण्याआधी मिळाला पाहिजे.